कार्बन फायबरची चमक उतरवण्याआधी

चकाकणारा कार्बन फायबरचा भाग मॅट करायचा म्हटलं की सल्ला हमखास एकच मिळतो: पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घ्या, हलक्या हाताने घासा, चमक गेली की काम झालं. बॉनेट असो, आरशांची कव्हरं असोत, मागचा स्पॉयलर असो नाहीतर डॅशबोर्डवरची पट्टी असो, उत्तर बदलत नाही. खर्च जवळजवळ शून्य, एका दुपारचं काम आणि घासता घासताच परिणाम डोळ्यांसमोर. हा सल्ला इतका पसरला तो याच कारणांनी, आणि तो नीट तपासून घ्यायला हवा तोही याच कारणांनी. माझं म्हणणं असं, की चमक काढून टाकली की मागे मॅटपणा उरतो, हा समजच मुळात चुकीचा आहे. मॅटपणा वेगळा थर देऊन मुद्दाम घडवावा लागतो. घासणं ही त्या थराची पूर्वतयारी. पूर्वतयारीलाच शेवटचा हात समजलं, की थोड्याच काळात डागाळलेला आणि हळूहळू पिवळट पडत जाणारा भाग पदरी येतो. मग तो सुधारायला मूळ कामाहून जास्त पैसे मोजावे लागतात.

मुळात चमकतं काय, ते आधी पाहू. कार्बनचा एकेक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो. असे ३,००० तंतू एकत्र घेतलेल्या पट्ट्यांचं, तिरप्या रेघा दिसतील असं कापड विणतात. गाड्यांच्या भागांवर आपण पाहतो ती नक्षी बहुतेक वेळा याच कापडाची. कापड इपॉक्सी रेझिनमध्ये मुरवून साच्यात घट्ट केलं की भाग तयार होतो, आणि त्यावर शेवटी पारदर्शक क्लिअरकोट मारतात. गाडीच्या रंगावर असतो तसाच हा थर, साधारण ४० ते ६० मायक्रॉनचा. आरशासारखी चकाकी असते ती या थराच्या गुळगुळीत पाठीची, कार्बनची नव्हे. पण क्लिअरकोटला दुसरं एक काम असतं आणि ते दिसत नाही. इपॉक्सीला उन्हातली अतिनील किरणं सोसत नाहीत. उघडं इपॉक्सी आधी पिवळं पडतं, मग त्यावर खडूसारखी भुकटी धरते. ती किरणं अडवणारी द्रव्यं क्लिअरमध्ये घातलेली असतात. म्हणजे घासून आपण चकाकी घालवतो तेव्हा तिच्याबरोबर कार्बनच्या डोक्यावरचं छत्रही पातळ करत असतो. बारीक पेपरने सपाट जागी जेमतेम काही मायक्रॉन जातात, हे खरं. पण कोणताही भाग सगळाच सपाट नसतो. ओला क्लिअर कडांवरून मागे सरतो, त्यामुळे कडांना आणि उंचवट्यांना तो आधीच पातळ असतो, आणि हाताचा दाब नेमका तिथेच जास्त पडतो.

यात आणखी एक मेख आहे. जुन्या गाड्या घेणारे रंगाची जाडी मोजायला जे छोटं यंत्र वापरतात ते पोलाद किंवा ॲल्युमिनियमवरच चालतं. कार्बन फायबरवर त्याच्या आकड्याला अर्थ नसतो. तिथे अल्ट्रासाउंडवर चालणारं महागडं यंत्र लागतं आणि ते गल्लीतल्या गॅरेजात नसतंच. थोडक्यात, घासणाऱ्याच्या हाताखाली किती थर उरलाय हे त्याला कळत नाही. जाडी मोजता येत नसेल, तर घासणं कमीत कमी ठेवावं आणि जेवढं घासलं त्यावर नवा थर द्यावा, हाच शहाणपणा.

आता घासून आलेला मॅटपणा खऱ्या मॅटपेक्षा वेगळा का दिसतो? गुळगुळीत पाठीवरून प्रकाश एकाच दिशेने परततो, म्हणून त्यात प्रतिबिंब दिसतं. पाठ सूक्ष्म पातळीवर खडबडीत केली की तो चहूकडे विखुरतो आणि प्रतिबिंब पुसलं जातं. मॅट क्लिअरमध्ये हे काम सिलिकाचे काही मायक्रॉनचे कण करतात. ते थराच्या सगळ्या जाडीत विखुरलेले असतात आणि त्यांना कुठलीही ठरावीक दिशा नसते. पॉलिश पेपरचं तसं नाही. १००० नंबरच्या पेपरवरचे कण सरासरी १८ मायक्रॉनचे, २०००च्या पेपरवरचेही १० मायक्रॉनच्या आसपास. शिवाय ते ओरखडे काढतात, आणि ओरखड्याला दिशा असते. सावलीत असा भाग झकास दिसतो. दुपारच्या उन्हात गाडीभोवती एक फेरी मारा, म्हणजे प्रत्येक हात कुठून कुठे फिरला ते वाचता येतं. पुढे रोजच्या फडक्याने, तळहाताच्या तेलाने, डिकी उघडताना जिथे बोटं टेकतात तिथल्या घर्षणाने ओरखड्यांची शिखरं झिजत जातात आणि तेवढे ठिपके पुन्हा चकाकू लागतात. चमक परतते, पण सलग नाही, डागाडागांनी. पूर्ण चकचकीत भागापेक्षा हे जास्त वाईट दिसतं.

यावर जाणकार हटकून एक हरकत घेतात: शर्यतीच्या गाड्यांचा कार्बन उघडा आणि मॅटच असतो, त्यावर कोण क्लिअर मारत बसतं? हरकत बिनबुडाची नाही. कार्बनच्या सांगाड्याची पहिली फॉर्म्युला वन गाडी, मॅक्लारेनची एमपी४/१, १९८१मध्ये धावली तेव्हापासून या सामानाचं माहेर रेसट्रॅकच राहिलं आहे. मॅटची अलीकडची आवडही बरीचशी तिथूनच आली. रेड बुलने २०१६मध्ये आणि फेरारीने २०१९मध्ये आपल्या गाड्या मॅट रंगात उतरवल्या. २०२२च्या नव्या नियमांनी गाड्या जड झाल्यावर तर संघांनी ग्रॅम-ग्रॅम वाचवायला रंगच खरवडून काढला आणि काळा कार्बन उघडा ठेवला. पण तिथली परिस्थिती आणि आपली, यांत फरक आहे. शर्यतीचा भाग प्री-प्रेग, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेल्या कापडाचा, ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली भाजलेला असतो. त्यात रेझिन कमी असतं आणि त्याच्या पाठीवर साच्याचाच पोत उतरतो. त्याला कोणी घासून मॅट केलेलं नसतं. तो भाग दोन शर्यतींच्या मधे छपराखाली राहतो आणि हंगाम संपला की निवृत्त होतो. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये आठ-दहा उन्हाळे काढण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. याच पद्धतीने बनवून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी विकले जाणारे ‘ड्राय कार्बन’चे चांगले भागही बहुधा मॅट क्लिअर मारूनच येतात. तेव्हा रेसट्रॅकचा दाखला घासण्याच्या बाजूने लागत नाही.

थर द्यायचाच, तर कोणता? वाटा मुख्यतः दोन: मॅट पीपीएफ आणि मॅट क्लिअर. पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. ती चकचकीत भागावर तशीच बसते, घासावं लागत नाही, खालचा क्लिअर शाबूत राहतो, खडीचा मार ती स्वतःवर घेते आणि नको झाली की काढून टाकता येते. गाडी कंपनीकडून आलेला मूळ कार्बनचा भाग असेल, वॉरंटी चालू असेल किंवा दोन-तीन वर्षांत गाडी विकायचा विचार असेल, तर दुसरीकडे बघूही नये; फिल्मच लावावी. बॉनेट, छत, स्पॉयलरची सपाट फळी यांवर ती सुरेख बसते. अडते ती खोलगट, पंखेदार आकारांवर. मागच्या डिफ्यूझरच्या पात्यांमध्ये किंवा आरशाच्या कव्हराच्या टोकाशी ती ताणावी लागते, ताणलेल्या जागी पोत बदलतो, कडा सुटतात आणि सुटलेल्या कडेला धुळीची काळी रेघ धरते. अशा भागांना मॅट क्लिअरच हवा. राहिलं साधं विनाइल आणि रबरासारखं सोलून काढता येणारं स्प्रे कोटिंग. विनाइल हौशीपुरतं ठीक. सोलता येणारं कोटिंग पेट्रोल सांडलं की विरघळतं आणि पातळ मारलं असेल तर सोलताना त्याचे तुकडे पडतात. त्यांच्यावर यापेक्षा जास्त शब्द खर्च करण्यासारखं काही नाही.

मॅट क्लिअरचा निर्णय झाला, की भाग हातात घेऊन तपासावा. पहिला प्रश्न: हा कार्बन आहे तरी का? बाजारात कार्बनची नक्षी पाण्यावरून चढवलेले प्लास्टिकचे भाग भरपूर असतात. त्यांच्या नक्षीत खोली नसते, आणि कोपऱ्यांवर ती ताणल्यासारखी पसरते. असा भाग घासला तर क्लिअरखाली थेट छापील नक्षी, आणि ती दोन हातांत पुसली जाते. खऱ्या कार्बनची विण मागच्या बाजूलाही बहुधा दिसते. मग पिवळेपणा. पांढरा कागद शेजारी धरून उजेडात पाहिलं की क्लिअर पिवळसर झालाय का ते लगेच समजतं. पिवळ्यावर मॅट मारलं तर तो पिवळेपणा कायमचा आत कोंडला जातो, म्हणून आधी तो थर उतरवून चांगला क्लिअर चढवणं भाग आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, फुगवटे किंवा विणीत पांढरट ठिपके दिसले तर गोष्ट निव्वळ दिसण्याची राहिली नाही, आतल्या थरांचीच तक्रार आहे. ती आधी निस्तरावी. मॅट थर दोष झाकेल ही आशा ठेवू नये.

घासण्याआधी धुणं, आणि तेही नुसत्या पाण्याने नाही. भागावर जुनं वॅक्स, सिलिकॉनचं पॉलिश, साच्यातून आलेलं मेण काहीही असू शकतं. आधी घासलं तर हे सगळं ओरखड्यांत भरलं जातं आणि पुढे रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. साबणाने धुवावं, वाळवावं, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने एका फडक्याने ओलं पुसून दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपून घ्यावं. गॅरेजात या कामाला पेट्रोल वापरायची सवय असते. ते उडून गेलं तरी तेलकट अंश मागे ठेवतं. ठामपणे नको म्हणावं.

मग ८०० नंबरचा पेपर, पाण्यात साबणाचे दोन थेंब आणि मऊ ठोकळा. इथे लक्ष भागाकडे नाही, ठोकळ्याखालून येणाऱ्या लगद्याकडे ठेवायचं. तो दुधासारखा पांढरा आहे तोवर आपण क्लिअरमध्ये आहोत. पिवळसर किंवा मळकट दिसू लागला तर क्लिअर संपून रेझिन लागलं असण्याची शक्यता. करडा-काळा आला की थांबायचं, त्याच क्षणी. तंतू कापले जाताहेत. कापलेल्या तंतूंची जागा क्लिअरखालीही वेगळी दिसते आणि ती परत विणता येत नाही. कडांवर ठोकळा नेऊच नये. तिथे करड्या स्कॉचब्राइटने बोटांच्या पोटांनी, दाब न देता दोन-चार हात पुरतात. सगळीकडे एकसारखा निस्तेजपणा आला आणि कोपऱ्यात कुठेही चकाकणारा ठिपका उरला नाही की १०००च्या पेपरचा एक हलका फेरा द्यावा आणि थांबावं. चकाकणारा ठिपका म्हणजे नवा थर जिथे धरणार नाही अशी जागा. नेमक्या त्या जागेवरून पुढे क्लिअरचे पापुद्रे निघतात.

आता एक सोपी परीक्षा. घासलेल्या भागावर पाण्याची धार सोडा. नदीकाठचा वाळलेला गोटा ओला केल्यावर त्यातले रंग उजळतात, तशी घासून धुरकट झालेली विण पाण्याखाली लख्ख दिसू लागते, कारण ओरखड्यांच्या दऱ्या पाण्याने भरून जातात. नवा क्लिअर हेच करणार असतो, म्हणून ८००चे ओरखडे त्याच्याखाली दिसत नाहीत. पण ओल्यातही एखादी जागा पांढरट राहिली तर तिथे दोष खोल आहे, आणि तो मॅट थराखालीही दिसणार. ही परीक्षा पाच मिनिटांची. ती टाळून सरळ रंगाकडे धावणारे मागाहून पेंटरला बोल लावतात. जिथे क्लिअर पातळ झाल्याची शंका असेल तिथे थेट मॅट मारण्याऐवजी आधी साध्या चकचकीत टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायच्या दोन घटकांच्या क्लिअरचे दोन हात द्यावेत, तो पूर्ण वाळल्यावर पुन्हा ८००-१०००ने घासावं आणि मग मॅटचा थर चढवावा. काम दुप्पट होतं, मान्य. पण उन्हापासूनचं संरक्षण चकचकीत थराने करायचं आणि दिसण्याचं काम मॅट थराने, ही विभागणी आपल्या उन्हात मला सगळ्यात भरवशाची वाटते.

मॅट क्लिअर मारणं हे चकचकीत क्लिअर मारण्यापेक्षा कठीण आहे, आणि हे पेंटरला काम देण्याआधीच समजून घ्यायला हवं. चकचकीत थरात धुळीचा कण बसला किंवा ओघळ आला तर वाळल्यावर घासून, कंपाउंडने पॉलिश करून तो नाहीसा करता येतो. मॅटमध्ये ही सोय नाही. पॉलिश केलं की तिथे चकाकी आली. म्हणजे बंदुकीतून जे उतरलं तेच अखेरचं. कण बसला तर सगळा भाग पुन्हा घासून पुन्हा मारायचा. म्हणून रस्त्याकडेच्या उघड्या शेडमध्ये हे काम करू नये, बंद बूथ हवाच. डबा उघडल्यावर तळाशी बसलेली सिलिका सावकाश, पूर्ण ढवळून घ्यावी, नाहीतर पहिला भाग चकचकीत आणि शेवटचा खडूसारखा होतो. १.३ किंवा १.४चं नोझल, एकसारखं अंतर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्याहून जास्त भागावरून. भागाच्या मध्ये हात थांबवायचा नाही. दोन हात पुरतात, पण त्यांच्यामधली वेळ सगळ्यात नाजूक. पहिला हात मारल्यावर भाग ओला, चकचकीत दिसतो. मग हळूहळू ती ओल मावळू लागते, कुठे आधी, कुठे मागून. सगळा भाग एकसारखा निस्तेज दिसेपर्यंत दुसरा हात मारायचा नाही. घाई केली तर आत अडकलेला थिनर नंतर निघताना ढगांसारखे चट्टे उठवतो, आणि अशी चूक सुधारायची म्हणजे पहिल्यापासून सुरुवात.

किती मॅट हवं, हेही आधीच ठरवावं. चकाकी मोजण्याच्या मापावर नवा चकचकीत क्लिअर ९०च्या आसपास भरतो, सॅटिन ३०च्या घरात आणि पूर्ण मॅट १०च्या आसपास. दोन प्रकारचे क्लिअर प्रमाणात मिसळून मधली छटा मिळते. इथे मॅटच्या विरोधातली सगळ्यात वजनदार हरकत विचारात घ्यावी लागते: कार्बनची गंमत त्याच्या खोलीत आहे, आणि मॅट ती खोली मारतो. चकचकीत भागावर आपण जागा बदलली की विणीतल्या उजळ आणि गडद पट्ट्यांची अदलाबदल होते. पाठ खडबडीत झाली की परतणाऱ्या प्रकाशात विखुरलेला प्रकाश मिसळतो आणि तो फरक मंदावतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पूर्ण मॅट कार्बन लांबून नुसता काळा दिसतो. माझ्या मते याचं उत्तर सॅटिनमध्ये आहे. प्रतिबिंब जातं, बॉनेटवरून डोळ्यांत घुसणारी तिरीप जाते आणि विण टिकते. पूर्ण मॅट मी फक्त विंडस्क्रीनखालच्या डॅशबोर्डच्या पट्ट्यांना राखून ठेवीन, कारण तिथे चकाकी काचेवर उमटते आणि गाडी चालवताना त्रास देते. काहीही ठरवलं तरी पेंटरकडून आधी एका टाकाऊ तुकड्यावर नमुना मारून घ्यावा आणि तो उन्हात नेऊन पाहावा, ट्यूबलाइटखाली नाही.

घरी डब्यातल्या स्प्रेने जमेल का, असा प्रश्न येणारच. साधा, एक घटकाचा मॅट स्प्रे आतल्या पट्टीला चालेल. बाहेर उन्हापेट्रोलापुढे तो टिकत नाही. तळाची कळ दाबून हार्डनर मिसळता येतो असे दोन घटकांचे डबे मिळतात. ते खरोखर चांगले असतात आणि आरशाच्या कव्हरांसारख्या लहान भागांना पुरतात. बॉनेटला नव्हे, तेवढ्या क्षेत्रावर डब्याच्या फवाऱ्याने पट्टे उमटतात. मात्र हार्डनर म्हणजे आयसोसायनेट, आणि त्याला हलक्यात घेऊ नये. त्याची फवारणी श्वासात गेल्याने कायमचा दमा जडू शकतो, तो रंगकाम करणाऱ्यांचा ओळखीचा व्यावसायिक आजार आहे. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क इथे कामाचा नाही. बूथमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मास्क असावा. पेंटरकडे तो आहे का, हे विचारायला संकोच नको. कार्बनची धूळही वेगळीच. कातडीला खाज आणते आणि वीजवाहक असल्याने सर्किटवर बसली तर शॉर्ट करू शकते. भाग गाडीवरून काढूनच घासावा, ओलाच घासावा, आणि लगदा मोरीत न सोडता पुसून कचऱ्यात टाकावा.

हवामानाचंही पाहावं लागतं. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी प्रतिक्रिया करतो, त्यातून बारीक बुडबुडे येतात आणि चकाकीची पातळी बिघडते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम लांबणीवर टाकलं तर काही बिघडत नाही. दिवाळीनंतरचे महिने उत्तम. वाळवताना भट्टीचा मोह आवरावा. पोलादी बॉनेट ६० अंशांवर खुशाल भाजतात, पण हाताने रेझिन लावून खोलीच्या तापमानाला घट्ट केलेले स्वस्त कार्बनचे भाग त्याच सुमाराला मऊ पडू लागतात आणि विणीचा उठाव पाठीवर उमटतो. भाग कोणत्या पद्धतीचा हे माहीत नसेल तर हवेवरच वाळू द्यावा, वेळ लागला तरी. बसवताना बोल्टांच्या भोकांकडे पाहावं. घासताना तिथे कार्बन उघडा पडला असेल आणि तो ॲल्युमिनियमला टेकला, तर खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियम गंजतं. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे लवकर दिसतं. भोकांच्या कडांना क्लिअरचं बोट फिरवून प्लास्टिकचा वॉशर घालावा. कायद्याबद्दल एवढंच: मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतले तपशील मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल परस्पर करता येत नाही. असलेल्या भागाची चमक कमी करणं वेगळं आणि रंगीत बॉनेट काढून काळं बसवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आरटीओला आणि विमा कंपनीला आधी विचारावं.

शेवटची हरकत देखभालीची: एवढं करून मॅट क्लिअरही नाजूकच ना? काही बाबतीत, हो. मशीन पॉलिश, वॅक्स, चमक वाढवणारा शाम्पू, ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंग, हे सगळं वर्ज्य. वॉशिंग सेंटरमधला मुलगा मेहेरबानी म्हणून शेवटी डॅशबोर्ड पॉलिशचा फडका मारतो, त्याला गाडी सोपवतानाच सांगून ठेवावं. पक्ष्याची विष्ठा उन्हात वाळू देऊ नये; पाण्याने भिजवून मऊ करून उचलावी, घासू नये. आणि बोअरच्या पाण्याने धुवून गाडी उन्हात वाळवायची नाही. जड पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग चकचकीत थरावरून पॉलिशने जातात, मॅटवर ती वाट बंद. शेवटचा हात मऊ पाण्याचा द्यावा आणि मायक्रोफायबरने टिपून घ्यावा. मात्र घासलेल्या भागाशी तुलना केली तर हा नाजूकपणा वेगळ्या जातीचा आहे. इथे पोत सगळ्या थरात आहे, खालचं संरक्षण शाबूत आहे, आणि नेमानं धुतलं तर वर्षानुवर्षं रूप बदलत नाही. खोल ओरखडा आला तर मात्र तेवढ्यापुरतं टच-अप होत नाही. पूर्ण भाग पुन्हा घासून क्लिअर मारावा लागतो. म्हणून काम झाल्या दिवशीच पेंटरकडून क्लिअरची कंपनी, त्याचा नंबर, मॅट आणि सॅटिनचं मिश्रणाचं प्रमाण आणि किती हात मारले हे लिहून घ्यावं, आणि नमुन्याचा तो तुकडा गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवून द्यावा. डाव्या आरशाचं कव्हर फुटून नवं बसवायची वेळ आली, की ते उजव्याशी जुळवायला दुसरं काही हाताशी नसतं.